दोन फेरे हळू

मार्तंड पडवळ. नावातच धंदा होता त्याचा:
आधी पड, मग वळ.
पडल्यावर तो वळून बघायचा,
कोणी ढकललं ते नव्हे,
जमीन जागेवर आहे ना, एवढंच.

नाटक मंडळीत त्याला अंक नव्हता.
पडद्यामागे महालाचा बगीचा होईपर्यंत,
सुतार खिळे ठोकत असताना,
पुढे पाच मिनिटं हा.
उंटावर पहिल्यांदा बसलेला मामलेदार.
आरशात बघून स्वतःचीच हजामत करणारा न्हावी.
खिळे संपले की आतून शिट्टी,
आणि हा नक्कल अर्धी टाकून विंगेत.
सांगायचा, "आठ वर्षांत एकदाही
माझा मामलेदार उंटावरून उतरला नाही."

मग पाणीगेटाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये
फिल्म कंपनी निघाली. तिथे उतरला.
म्हणजे पडला.
शिडीवरून, घोड्यावरून,
एकदा खंडेराव मार्केटच्या पायऱ्यांवरून
अकरा भोपळ्यांसकट.
तिथे कोणी हसत नसे.
कॅमेरावाला तोंडात रुमाल कोंबून हँडल फिरवी,
हसला तर चित्र हलणार.
मार्तंडला कळेचना
हशा ओसरायची वाट कुठवर बघायची,
उठायचं कधी.

म्हणून तो माझ्याकडे आला.
रावपुऱ्यातल्या तंबूत मी मशीन चालवायचो,
वय सतरा, उजवा दंड डाव्यापेक्षा जाड.
सेकंदाला दोन फेरे, हा नियम.
त्याने ओल्या चिवड्याची पुडी स्टुलावर ठेवली.
"शिडी सुटली की दोन फेरे हळू दे.
लोकांना आधी भिऊ दे.
मग सोड."

दिले.
पेटीवाल्याचा भाता उघडाच राहिला.
पाट्या वाचून दाखवणारा मगनलाल
वाचायला काही नसतानाही "अरे, अरे" म्हणाला.
मग जे हसू फुटलं
त्याने तंबूचा एक खुंटा निघाला, असं मालक सांगायचा.
मालक खोटारडा होता. पण खुंटा मीच परत ठोकला.

पुढे दर शनिवारी मार्तंड यायचा,
बसायचा मात्र पडद्याच्या मागे, एक आणेवाल्यांत,
भिजवलेल्या कापडाच्या उलट बाजूला,
जिथे अक्षरं उलटी दिसतात
आणि उजव्या खांद्यावर आपटलेला माणूस
डाव्यावर आपटतो.
"उजवा मोडलाय," म्हणायचा.
"मागून बघितलं की त्याला तेवढाच आराम."

हळू करायलाही हद्द होती.
फार रेंगाळलं तर दिव्यापुढे फीत पेटते.
एका दिवाळीत पेटली.
शिडीवरून सुटलेला मार्तंड हवेतच थांबला,
पायाकडून तपकिरी फोड चढत आला,
टोपी उरली,
मग तीही नाही.
माझे बारा रुपये कापले.
तो मात्र खूश: "इतक्या वर्षांत
पहिल्यांदा लागलं नाही रे."

बोलपट आले. लोक म्हणतात, आवाजाने मारलं त्याला.
आवाज झकास होता,
मराठीत गुजराती, गुजरातीत मराठी, खास बडोद्याचा.
मारलं मोटरने.
हँडल गेलं. राजा, भिकारी, पाऊस,
सगळे एकाच वेगात.
तो केबिनमध्ये आला, मोटरवर तळवा ठेवून उभा राहिला.
"गरम आहे," म्हणाला,
आणि चिवड्याची पुडी परत घेऊन गेला.

मग जकात नाक्यावर पावत्या फाडायचा.
तिथे पडायचं काम नव्हतं.

शेवटचं मी पाहिलं ते सूरसागरच्या पायऱ्यांवर.
सकाळ, शेवाळ, हातात दुधाचा लोटा.
पाय सुटला.
घाटावरची पोरं हसली.
माझा उजवा हात आपोआप हवेत फिरू लागला,
एक,
दोन,
हळू,
आणि तो ऐकेना,
आपल्याच वेगाने सरळ खाली गेला.

लोटा अजून पायरी पायरी वाजत होता.
तो वळला.
जमीन नाही बघितली. गर्दीत मला शोधलं.

मी हात पाठीमागे घेतला.